करंट कुठे अडला?

चिपळूणमध्ये पॉइंट सेट करणारे मेस्त्री आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. नव्या गॅरेजमधली मुलं हुशार आहेत, स्कॅनर लावून दोष वाचतात. पण माझ्या १९८६च्या प्रीमियर पद्मिनीत स्कॅनर लावायला जागाच नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसीच्या फियाट इंजिनाची ही गाडी. तिच्यात जे काही बिघडतं ते डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं, नाकाला कळतं. मुंबईत वयाची वीस वर्षांची मर्यादा ओलांडून ऑक्टोबर २०२३मध्ये पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी निवृत्त झाली. त्या टॅक्स्यांवर पोसलेली, रात्री दिव्याच्या उजेडात पॉइंट लावणारी एक पिढीही हळूहळू कामातून बाहेर पडते आहे. ही विद्या आता आपण मालकांनीच शिकून घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. माझ्या वडिलांकडून, आमच्या मेस्त्रीकाकांकडून आणि गाडीकडून जे शिकले, ते इथे मांडते.

सुरुवातीला एवढंच लक्षात घ्या. इग्निशनमध्ये करंटच्या दोन वाटा असतात. पहिली बारा व्होल्टची: बॅटरी, किल्लीचा स्विच, कॉईल, पॉइंट आणि तिथून बॉडीला अर्थ. पॉइंट मिटलेले असताना कॉईलमध्ये तीन-चार अँपिअर करंट वाहतो आणि तिच्यात चुंबकत्व साठतं. पॉइंट उघडले की ते चुंबकत्व एकदम कोसळतं आणि कॉईलच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्ट उभे राहतात. ही दुसरी वाट: कॉईलची मधली वायर, डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर, प्लगच्या वायरी आणि प्लग. पंगतीत वाढणाऱ्यासारखा रोटर एकेका सिलिंडरच्या पानावर ठिणगी वाढत जातो, फक्त क्रमाने नाही. पद्मिनीत तो १-३-४-२ असा जातो. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१०च्या सुमारास कॅडिलॅकसाठी ही पद्धत बसवली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरच्या बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावरच धावल्या. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असलं, तर चार सिलिंडरना मिळून सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. त्या शंभरांतल्या पाच-सहा जरी चुकल्या तरी गाडी सांगते. ती काय सांगते, ते ऐकायला शिकणं हेच खरं काम.

१. आधी पेट्रोल की करंट, याचा निकाल लावा

गाडी सुरू होत नाही म्हटलं की बघे लगेच कार्बोरेटरकडे बोट दाखवतात. त्याला हात लावू नका. थोडा वेळ सेल्फ मारा आणि एक प्लग काढून बघा. टोक पेट्रोलने ओलं असेल, तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी पडत नाही. कोरडं ठणठणीत असेल, तर वाट पेट्रोलची अडली आहे. नंतर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून मधली वायर उपसा, तिचं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून सहा-सात मिलिमीटरवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळसर, टणकन आवाज करणारी ठिणगी पडली की कॉईलपर्यंतचं सगळं ठीक आहे. पिवळट, बारीक, अडखळती पडली तर अर्धा दोष सापडला.

वायर हाताने धरू नका. रबरी मुठीची पक्कड घ्या, काढलेल्या प्लगच्या भोकाजवळ आणि पेट्रोलच्या वाफांजवळ ठिणगी पाडू नका, पदर-ओढणी पंख्याच्या पट्ट्यापासून लांब खोचून घ्या. या करंटचा झटका सहसा जीव घेत नाही असं लोक सांगतात. ज्याचं हृदय कमजोर आहे त्याने त्यावर विसंबू नये. शिवाय झटक्याने दचकून हात फिरत्या पंख्यात जातो, ते भय तर सगळ्यांनाच आहे.

आणि सहा-सात मिलिमीटरच का? प्लगची फट जेमतेम ०.६ मिलिमीटर असते. पण सिलिंडरच्या आत दाबलेल्या मिश्रणातून उडी मारणं ठिणगीला उघड्या हवेपेक्षा फार अवघड जातं. बाहेर जेमतेम उडणारी ठिणगी आत मरते. म्हणून बाहेर तिला लांब उडी मारायला लावायची.

२. ‘केव्हा?’ हे विचारल्याशिवाय बोनेट उघडू नका

मेस्त्रीकाका गाडीकडे बघण्याआधी मला विचारायचे, “ताई, कधी करते असं? थंड असताना की तापल्यावर? चढाला की सपाटीला?” तेव्हा मला ते वेळ काढणं वाटायचं. आता माझ्या गाडीच्या वहीत पहिला रकाना ‘केव्हा’चाच आहे, कारण इग्निशनचा दोष वेळ निवडून येतो.

कुंभार्ली घाटात पाय दाबला की झटके आणि सपाटीला गुपचूप, असं असेल तर ठिणगी अशक्त आहे किंवा कुठून तरी गळते आहे. चढाला सिलिंडरमधला दाब वाढतो, प्लगची फट ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात, आणि मग विजेला कॅपमधल्या चिरेची किंवा वायरीच्या फाटलेल्या आवरणाची सोपी वाट सापडते. फक्त वेगात असताना मिसिंग मारत असेल, तर पॉइंटची स्प्रिंग सैल झालेली असते. वेगात पॉइंट नीट मिटतच नाहीत. पावसातच त्रास असेल तर कॅप आणि वायरी. तापल्यावर असेल तर कॉईल, कंडेन्सर, नाहीतर पेट्रोलची वाफ. खड्ड्यात आदळली की बंद आणि लगेच पुन्हा सुरू, असं असेल तर एखादं टर्मिनल सैल आहे किंवा किल्लीचा स्विच झिजला आहे.

३. दहा-वीस रुपयांचा बल्ब खूप काही सांगतो

बारा व्होल्टचा छोटा बल्ब, दोन वायरी आणि टोकांना क्लिप. एक टोक इंजिनाच्या अर्थला, दुसरं कॉईलच्या त्या टर्मिनलला जिथून वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते. किल्ली चालू करून सेल्फ मारा आणि फक्त बल्ब बघा.

लुकलुकतोय? पॉइंट उघडमीट करताहेत, बारा व्होल्टची वाट शाबूत आहे. सतत पेटलेलाच राहिला? कॉईलपर्यंत करंट आला आहे, पण पॉइंटमधून अर्थला जात नाही: पॉइंट काळे पडलेत, मिटत नाहीत, किंवा कॉईलकडून पॉइंटकडे जाणारी वायर तुटली आहे. अजिबात पेटला नाही? मग कॉईलच्या दुसऱ्या, स्विचकडच्या टर्मिनलवर लावा. तिथेही अंधार असेल तर दोष स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये. तिथे पेटतो आणि इकडे नाही, तर कॉईलचे आतले वेढे तुटलेत, किंवा पॉइंटकडची वायर कुठेतरी बॉडीला चिकटून कायमची अर्थ झाली आहे. ती वायर कॉईलवरून सोडवा. बल्ब पेटला तर कॉईलचे हे वेढे शाबूत.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. यातलं काहीही न करता कॉईल, कंडेन्सर, पॉइंट, प्लग असा सगळा संच एका दमात बदलणारे मेस्त्री मी पाहिलेत. गाडी सुरू होते, पण काय बिघडलं होतं ते कुणालाच कळत नाही, आणि खराबी वायरीत असेल तर पंधरवड्यात पुन्हा डोकं वर काढते.

आमच्या कोकणात आणखी एक गोष्ट. खाऱ्या, दमट हवेने टर्मिनलं हिरवी पडतात. बल्ब पेटतो, पण करंट अर्धवट पोचतो. म्हणून मल्टिमीटर असेल तर सेल्फ चालू असताना कॉईलच्या स्विचकडच्या टर्मिनलवरचे व्होल्ट मोजा. नऊच्या खाली गेले तर बॅटरीची टोकं, इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी आणि स्विच या तिन्ही जागा घासून स्वच्छ करा. मी हे दर पावसाळ्याआधी करते.

४. पॉइंटला वेळ द्या

जुन्या गाडीच्या इग्निशनमधला सगळ्यांत जास्त राबणारा भाग म्हणजे पॉइंट. दोन टंगस्टनच्या टिकल्या. त्यांतली एक कॅमवर घासणाऱ्या फायबरच्या टाचेमुळे हलते. ती टाच झिजते, तशी फट कमी होते; फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे जातं. गाडी ओढेनाशी होते, तापू लागते, पेट्रोल जास्त पिते. हे इतकं हळू घडतं की रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. परगावचा भाऊ महिन्यांनी येऊन गाडी चालवतो आणि म्हणतो, “हिचा पिकअप गेला गं.” तेव्हा आधी फट मोजायच्या पात्यांचा फिलर गेज काढावा.

फट मोजताना फायबरची टाच कॅमच्या अगदी उंचवट्यावर हवी. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून पुढे ढकलली की इंजिन हवं तेवढंच फिरवता येतं. प्लग काढून ठेवले तर आणखी हलकं. फट ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघावा. पाती किंचित घासून जायला हवी, अडकायला नको. स्क्रू आवळताना फट सरकते, म्हणून आवळून झाल्यावर परत मोजायची. जुन्या पॉइंटच्या एका टिकलीवर खड्डा आणि दुसरीवर उंचवटा तयार झालेला असतो. अशा वेळी फिलर गेज खोटं सांगतो, कारण पाती उंचवट्यावर टेकते आणि खरी फट तिच्यापेक्षा मोठी असते.

घासायचं तर पॉइंटची खास कानस वापरा. पॉलिश पेपरचे कण टिकल्यांत रुतून बसतात. घासून झालं की जाड कोरा कागद मधे धरून ओढा. नव्या पॉइंटवरही गंज लागू नये म्हणून तेलाचा हात फिरवलेला असतो, तो पुसला नाही तर टिकल्या काळ्या पडतात. आणि कॅमवर ग्रीस लावायचंच, पण काडीच्या टोकावर मावेल इतकं. जास्त झालं की उडून टिकल्यांवर बसतं; अजिबात नसेल तर फायबरची टाच भराभर झिजते.

५. कंडेन्सर छोटा, पण त्याचा दोष दुसऱ्याच्या नावावर जातो

पॉइंट उघडताना करंट एकदम तुटायला हवा. कंडेन्सर नसेल तर करंट टिकल्यांमधल्या फटीतून उडी मारत राहतो, चुंबकत्व सावकाश ओसरतं आणि प्लगला फिकी ठिणगी मिळते. म्हणून पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर पॉइंट बदलत बसू नका. कॅप काढून सेल्फ मारताना पॉइंटमध्ये मोठी निळी-पांढरी ठिणगी दिसली तर कंडेन्सर बदला. बारीकशी ठिणगी दिसणं स्वाभाविक आहे.

६. तापल्यावर बंद: कॉईल की वाफ?

यावर मी सगळ्यांत जास्त लिहू शकते, कारण सगळ्यांत जास्त चुकीचे उपचार याच दुखण्यावर होतात. मे महिना, घाट चढून हेळवाकला पोचता पोचता गाडी गचके खाते आणि थांबते. अर्धा तास उभी ठेवली की जणू काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्हींची लक्षणं हुबेहूब सारखी.

एक म्हणजे कॉईल. तापल्यावर तिच्या आतलं इन्सुलेशन दगा देतं आणि ठिणगी थांबते. दुसरं म्हणजे पेट्रोलची वाफ. पंपात किंवा इंजिनाजवळून जाणाऱ्या नळीत पेट्रोल उकळतं, आणि वाफ ओढणाऱ्या पंपाकडून कार्बोरेटरला काहीच मिळत नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून आमच्यासारख्या कार्बोरेटरवाल्यांना हा त्रास अधिक होतो आहे, असा माझा अनुभव आहे.

निकाल लावायचा तो गाडी थांबल्याबरोबर, निवण्याआधी. चहाच्या टपरीकडे वळायच्या आधी बोनेट उघडा आणि मधली वायर धरून ठिणगी बघा. नसेल किंवा मरगळलेली असेल तर कॉईल नाहीतर कंडेन्सर. सणसणीत असेल तर वाफ. पंपावर ओलं फडकं टाकण्याचा जुना उपाय चांगलाच आहे. पण पंप आणि कॉईल दोन्हींवर एकदम पाणी ओतलं तर गाडी चालू होईल, कारण मात्र कळणार नाही. आधी एकावर, मग दुसऱ्यावर.

कॉईल गॅरेजमध्ये थंड असताना ओहममध्ये मोजली, पहिल्या वेढ्यांचे तीनच्या आसपास आणि दुसऱ्यांचे काही हजार भरले, म्हणून ती पास झाली असं समजू नका. गरम असताना मोजा, किंवा चांगली माहीत असलेली दुसरी कॉईल लावून घाट चढून बघा. तिची दोन्ही टर्मिनलं उलटी जोडली गेली नाहीत ना, हेही बघा. उलट्या जोडणीत गाडी चालते, पण ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात.

इंजिन बंद ठेवून किल्ली चालू ठेवण्याची सवय घरातल्या सगळ्यांची मोडा. पॉइंट त्या क्षणी मिटलेले असतील तर कॉईलमधून करंट वाहतच राहतो आणि ती नुसती बसल्या बसल्या भाजून निघते.

७. पावसाळा कॅपची परीक्षा घेतो

जुलैच्या सकाळी सुरू न होणाऱ्या गाडीची कॅप आधी काढा. आतून दव धरलेलं असेल तर कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि उन्हात किंवा गॅसपासून लांब, उबेत ठेवा. नंतर खिडकीपाशी नेऊन तिरकी धरून बघा. एका पितळी टोकापासून दुसऱ्याकडे किंवा कडेकडे जाणारी कोळशाची केसासारखी रेघ दिसली तर कॅप संपली. ती रेघ खरवडून काही दिवस निघतात, पण वीज एकदा सापडलेली वाट विसरत नाही. मधला स्प्रिंगवरचा कोळशाचा ठिपका दाबून बघा, तो आत-बाहेर व्हायला हवा. रोटरच्या खालच्या बाजूला, दांड्यावर बसतो तिथे, काळी टाचणीएवढी खूण असेल तर करंट तिथूनच दांड्यात उतरतो आहे.

वायरी तपासायला रात्र हवी. काळोखात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा, स्प्रेच्या बाटलीने वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. गळणारी वीज निळ्या तंतूंसारखी सरपटताना दिसते.

२२ जुलै २०२१च्या महापुरात वाशिष्ठीचं पाणी आमच्या गावात शिरलं, तेव्हा नव्या गाड्यांचे कंट्रोल युनिट भिजून निकामी झाले. पॉइंटवाल्या जुन्या गाड्यांचा डिस्ट्रिब्युटर मात्र पूर्ण खोलून, गाळ धुऊन, वाळवून पुन्हा उभा करता आला. कॅपखालच्या पाटीवर आणि टायमिंग पुढे-मागे करणाऱ्या वजनांच्या स्प्रिंगांत बसलेला बारीक गाळ काढणं हे त्यातलं खरं काम होतं. वरून नुसती हवा मारून तो निघत नाही.

८. कुठलं सिलिंडर मिसिंग मारतंय?

इंजिन चालू ठेवून रबरी पकडीने एकेक प्लगची वायर उपसा आणि अर्थजवळ धरा. ज्या वायरीने इंजिनाच्या आवाजात काही फरक पडला नाही, ते सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हतं. त्याचा प्लग शेजारच्यात आणि शेजारचा त्याच्यात लावा. मिसिंग प्लगबरोबर सरकलं तर प्लग. नाही सरकलं तर वायरींची अदलाबदल करा. तरीही तिथेच राहिलं आणि कॅपही निर्दोष असेल, तर दोष इग्निशनमध्ये नाही. व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेशन बघायची वेळ झाली. प्लगचं टोक करडं-तपकिरी असेल तर उत्तम, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त, तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची गाइड, पांढरं फटक असेल तर इंजिन जास्त तापतंय. सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या टॅक्स्यांत प्लगची फट कमी ठेवत, कारण त्या वायूला पेटवायला जास्त व्होल्ट लागतात.

९. टायमिंग सगळ्यांत शेवटी

पॉइंटची फट बदलली की टायमिंग बदलतंच, म्हणून क्रम उलटा केलात तर काम दोनदा. इंजिन पुस्तकात दिलेल्या खुणेवर आणा, बल्ब कॉईलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला लावा, डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करा आणि तो हळू फिरवा. बल्ब पेटला त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथे आवळा. नंतर चढाला पाय दाबून बघा: ठोके ऐकू आले तर टायमिंग थोडं पुढे गेलं आहे, गाडी सुस्त वाटली तर मागे.

१०. एका वेळी एकच बदल, आणि नवा भाग म्हणजे चांगला भाग नव्हे

पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत चोरबाजारात पद्मिनीचा कंडेन्सर आजही मिळतो, पण खोक्यावर छापलेल्या नावाची खात्री देता येत नाही. मी नवा कंडेन्सर, रोटर, कॉईल घेतली की गाडी धडधाकट असतानाच बसवून बघते, आठवडाभर चालवते, आणि मग ‘तपासलेला’ अशी चिठ्ठी लावून जुनं परत बसवते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच बसवण्याच्या मी विरोधात नाही; पॉइंटची झीज कायमची मिटते. पण चिरलेली कॅप आणि हिरवी टर्मिनलं तशीच ठेवून तो बसवला तर दोष तसाच राहतो, वर भर घाटात तो खोलून बघायची सोय जाते. संचाला चालणारी कॉईल कुठली, हे मात्र बसवण्याआधी वाचून घ्या.

माझ्या डिकीत एका बिस्किटाच्या डब्यात असतं ते असं: तपासलेला पॉइंटचा संच, कंडेन्सर आणि रोटर, बल्ब, फिलर गेज, छोटी कानस, एक लांब प्लग वायर, सुती फडकं आणि रबरी पक्कड. कॉईल वेगळी, कापडात गुंडाळून. डब्याच्या झाकणाच्या आत फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणगीचा १-३-४-२ हा क्रम, रंगाने लिहिली आहे, म्हणजे मी सोबत नसले तरी गाडी नेणाऱ्याला वायरी परत लावता येतील.